दुसरं कारण

चहा गार झाला, त्यावर साय धरली, तरी विश्वासचे प्रश्न संपेनात. विनयाचे केव्हाच संपले होते. ती स्वयंपाकघराच्या दारात हातात फडकं घेऊन उभी होती आणि गच्चीवर उन्हात बसलेल्या आपल्या नवऱ्याच्या पाठीकडे बघत होती. ती पाठ थोडी वाकली होती. टॅब्लेट त्याने मांडीवर घेतला होता आणि विद्यापीठातून आलेली ती मुलगी, जसलीन, मुद्दाम खालच्या जांभळाच्या झाडाकडे तोंड करून बसली होती, कारण हा भाग खाजगी होता. बाकीचे प्रश्न तिने स्वतः वाचून दाखवले होते. इंटरनेटवर कोणी काय लिहावं, त्यावर सरकारचा लगाम असावा की कंपन्यांचा, चुकीचं लिहिलं तर जबाबदार कोणाला धरावं, याबद्दल सेक्टरासेक्टरांतल्या घरांत जाऊन ती मतं गोळा करत होती. विनयाने नेहमीप्रमाणे प्रश्नांच्या शब्दांवरच हरकत घेतली होती. ‘बहुतेक सहमत’ आणि ‘काहीसे सहमत’ यांत नेमका फरक काय? जसलीन हसली होती. “मैम, आप तो बिल्कुल मेरी गाइड जैसी हो.” लिहिणाऱ्याचं खरं नाव कळलंच पाहिजे का, या प्रश्नाला मात्र विनयाने क्षणभरही न थांबता ‘पूर्ण सहमत’ सांगितलं. तिच्या प्रयोगशाळेत लेबल नसलेली बाटली कोणी हुंगून बघत नाही, सरळ टाकून देतात. मग खाजगी भाग आला. “‘ना’ ‘ना’ कहोगे तो सीधा थैंक यू आ जाएगा जी, ‘हाँ’ कहोगे तो थोड़े और पेज खुलेंगे,” असं म्हणून जसलीनने टॅब्लेट तिच्याकडे फिरवला. विनयाने भराभर ‘नाही’, ‘नाही’ दाबलं आणि जोडलेल्या हातांचं चित्र आलं. मग ती उठली, विश्वास त्याच खुर्चीत बसला, आणि तिने चहा टाकला, गाळला, नेऊन ठेवला, परत येऊन ओटा पुसला, आणि तो अजून बोटाने काहीतरी दाबतच होता.

म्हणजे त्याची आणखी पानं उघडली होती. इतकंच. खाजगी भागातला तिला एकच प्रश्न आठवत होता: गेल्या वर्षभरात तुम्ही स्वतःचं नसलेलं नाव वापरून कुठे काही लिहिलं आहे का? जसलीन गेल्यावर विश्वासने किन्नू संत्र्यांची जाळी आत आणली, एक सोलला, बिया काढून अर्धा तिच्या हातावर ठेवला, आणि म्हणाला, “तुझं लवकर झालं.” त्या वाक्यात काही नव्हतं. पण ते तिला किन्नूच्या बीसारखं दाताखाली आलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, नागपूर सोडून इथे उत्तरेत आल्यालाही आता बराच काळ लोटला, आणि या माणसाबद्दल तिला कधी काही शोधावं लागलं नव्हतं. तो मोहालीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत इतरांच्या कामातल्या चुका काढण्याचं काम करायचा आणि घरी आला की कोणाचीच चूक काढायचा नाही. भाजी खारट झाली तर मुकाट्याने पोळी जास्त घ्यायचा. फक्त पोह्यांच्या बाबतीत तो कडवा होता. इकडे कँटीनमध्ये पोह्यांत वाटाणे घालतात याचं त्याला खरोखरचं दुःख होतं. अशा माणसाला दुसरं नाव कशाला लागावं? गाडी चालवत नॉलेज सिटीतल्या प्रयोगशाळेकडे जाताना, सिग्नलला थांबल्यावर, स्फटिक वाढले का ते बघायला सूक्ष्मदर्शकावर वाकल्यावरसुद्धा हा प्रश्न तिच्यासोबत असे. प्रथिनांचे स्फटिक वाढवणं हे तिचं काम. थेंबात काही दिसलं की विद्यार्थी आनंदाने धावत येतात, आणि ती शांतपणे विचारते, “याचं दुसरं कारण काय असू शकेल?” बहुतेक वेळा ते मीठ असतं. अक्षरा नावाची तिची विद्यार्थिनी तर आता दारातूनच म्हणते, “मॅडम, दुसरं कारण शोधलं, सापडलं नाही, म्हणून आले.” त्या दिवशी अक्षरा हे म्हणाली तेव्हा विनया हसली, आणि हसता हसताच तिच्या डोक्यात विश्वासची वाकलेली पाठ आली. त्या पाठीला मात्र तिने तो प्रश्न विचारला नाही.

संशय ही गोष्ट तिला वाटली होती तशी तापासारखी नसते. ती फार नीटनेटकी असते. तिला टेबल लागतं, प्रकाश लागतो, नोंदी लागतात. विश्वासचा फोन जेवताना पालथा असतो की उताणा. अंघोळीला जाताना तो फोन नेतो का. सकाळी सुखना तलावावर फिरायला जातो तेव्हा घरून निघण्याची वेळ आणि परतल्यावरचा चेहरा. एकदा मुलाला, ओजसला, तिने सहज विचारलं, की दुसऱ्या नावाने खातं उघडायला काय काय लागतं. ओजस अकरावीत आहे, मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. “क्यों मम्मा, किसकी जासूसी करनी है?” “आमच्याकडे एक चर्चा चाललीय कामाच्या ठिकाणी.” “पक्का?” तो तिच्याकडे बघत राहिला. “कुछ नहीं लगता. एक ईमेल, एक झूठ.” आणि कानांत इयरफोन घालून तो आपल्या खोलीत गेला. हे वाक्य त्याने कुठून तरी ऐकलेलं असणार, पण ते तिला पोराच्या तोंडी फार म्हातारं वाटलं.

ट्रायसिटीतल्या, म्हणजे इथल्या तीन जोडशहरांतल्या, ऑफिसांबद्दल लिहिण्यासाठी काढलेलं एक पान तिला सापडलं. तिथे कोणीच स्वतःच्या नावाने लिहीत नव्हतं. बहुतेक लिखाण शिवीगाळीचं आणि कंटाळवाणं होतं, पण ‘चाय ब्रेक’ नावाचं एक खातं वेगळं होतं. ते थोडं लिहायचं आणि नेमकं लिहायचं. एका ऑफिसातल्या मास्टरजी नावाच्या साहेबाबद्दलच सगळं असायचं. मास्टरजींना कोणाच्या कामात चूक सापडली की ते आधी एक बोट वर करतात. ‘एक मिनट.’ मग चष्मा काढतात, रुमालाचा तोच एक कोपरा शोधून काचा पुसतात, सगळी खोली श्वास धरून थांबते, आणि मग अगदी हळू, मऊ आवाजात माणसाची सालं काढतात. विनया हसली. चांगलीच हसली. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यातल्या तिच्या लहानशा खोलीत, दार लावून. विश्वास कॉलेजात असताना प्राध्यापकांच्या अशाच नकला करायचा. आवाज नाही, चेहरा नाही, फक्त एक हालचाल उचलायचा आणि माणूस उभा करायचा. ती त्यालाच भुलली होती. नंतर तिने ते सगळं कधी बंद केलं ते तिला आठवेना, म्हणजे त्याने. कामाच्या ठिकाणच्या वरिष्ठाबद्दल तो कधीमधी कुरकुरायचा, तो हा मास्टरजी असणार. आणि मग खाली, जुन्या मजकुरात, ते वाक्य आलं: ‘पोहे में मटर? यह पोहा नहीं, हादसा है.’ या शहरात हे वाक्य बोलणारा एकच माणूस होता आणि त्याचे कपडे तिच्या घरात वाळत होते.

तिला आधी बरं वाटलं. खरं म्हणजे तिथेच थांबायला हरकत नव्हती. नवरा नाव लपवून नकला करतो, करू दे. पण पुढच्या मजकुरात एका मुलीची गोष्ट होती. तिच्या आईला डायलिसिसला न्यायचं होतं म्हणून ती लवकर निघाली आणि मास्टरजींनी बोट वर केलं. सगळ्यांसमोर. ती मुलगी जिन्यात रडली. ‘चाय ब्रेक’ने तिला पाणी नेऊन दिलं, असं लिहिलं होतं. विनयाने ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. पाणी नेऊन दिलं. त्यात विश्वासचं मऊपण होतं, आणि ते मऊपण दुसऱ्या कोणासाठी तरी होतं, जिन्यात. त्याने घरी ही मुलगी कधी सांगितली नव्हती. एक माणूस बाहेर इतकं बारीक बघतो, इतकं सुंदर लिहितो, आणि घरी येऊन फक्त ‘उद्या दूध जास्त घ्यायचंय का’ एवढंच विचारतो, हे तिला सहन झालं नाही. एक ईमेल, एक झूठ. तिने स्वतःचंही एक खातं उघडलं. आर. सूद हे नाव तिने का निवडलं ते तिला सांगता आलं नसतं, कोणाचंही नसावं इतकं ते इथे सगळ्यांचं होतं. चित्र म्हणून बोगनवेल लावली. बोटं गार होती, धुकं खिडकीला टेकलं होतं. तिने लिहिलं: ‘मुझे पता है तुम कौन हो. घर में पता है?’ आणि पाठवलं. पाठवल्यावर तिला एक अगदी अनोळखी हलकेपणा आला. शोधनिबंधांचं परीक्षण ती गेली कित्येक वर्षं नाव न देता करत आली आहे, त्या धंद्याची रीतच ती आहे, पण तिथे हे कधी जाणवलं नव्हतं, की नाव काढून ठेवलं की हात किती मोकळे होतात.

दुसऱ्या दिवशी ‘चाय ब्रेक’ने तो संदेश जसाच्या तसा सगळ्यांपुढे टांगला. ‘लो जी, मास्टरजी की तरफ़ से धमकी आ गई. घर तक पहुँच गए.’ खाली लोकांची झुंबड उडाली. हा सूद कोण आहे, याचं नाव काढा, सायबर सेलकडे द्या, अशांना सोडता कामा नये, कायदा कशाला आहे, सरकार झोपलंय का. विनया खाली खाली वाचत गेली. प्रत्येकाला तिचं नाव हवं होतं आणि त्यांतल्या एकाचंही नाव खरं नव्हतं. कोणी वाघाचं चित्र लावलं होतं, कोणी ट्रॅक्टरचं. हे सगळे लोक दिवसा कुठे असतात? बँकेत, कॅपिटल कॉम्प्लेक्सच्या सरकारी कचेऱ्यांत फायली घेऊन, तिच्या शेजारच्या सिग्नलला? विश्वासनेच हे टांगलं, असं ती स्वतःला सांगत होती. घाबरून टांगलं. कारण त्या आठवड्यात तो बदललाच. तलावावर जाणं थांबलं, कारण धुकं आहे म्हणाला. फोन बेडरूममध्येच राहू लागला. एकदा ती मागून आली तर तो दचकला आणि चष्मा नुसताच हातात धरून उभा राहिला. प्रत्येक गोष्ट जुळत होती. प्रयोगात इतकं सगळं जुळायला लागलं की ती विद्यार्थ्यांना आधी भांडी धुवून पुन्हा सुरुवात करायला लावते.

संक्रांतीनंतरच्या रविवारी महाराष्ट्र मंडळाचं तिळगुळाचं बोलावणं होतं, सेक्टरातल्या बागेत, धुकं विरल्यावर. बायकांनी काळ्या साड्यांवर स्वेटर घातले होते. चटईवर शेंगा, गजक, तिळाच्या वड्या, किन्नूची सालं. बोलणं कुठून तरी इंटरनेटवर गेलं. मंडळाच्या ग्रुपवर कोणीतरी हिशेबनिसांबद्दल काहीतरी अनामिक टाकलं होतं. सुलोचनाताई, ज्यांचे यजमान इथल्या हॉस्पिटलातून निवृत्त झाले, ठामपणे म्हणाल्या, “आधार कार्ड जोडा म्हणावं प्रत्येक खात्याला. मग बघू कोणाची जीभ चालते.” “ताई, मग तुमच्या सुनेबद्दल तुम्ही कुठे लिहिणार?” कोणीतरी म्हणालं आणि चटई हसली. “मी तोंडावर बोलते हो, म्हणून तर ती पुण्याला गेली.” पुन्हा हशा. एक तरुण मुलगा, नोकरीला नवीन आलेला, म्हणाला की नाव द्यायचं म्हटलं तर साहेबाविरुद्ध कोण बोलेल? उद्या बाहेर काढतील. विनया तोंड उघडणार होती, लेबल नसलेल्या बाटलीचं तिचं वाक्य तयार होतं, पण ते आलं नाही. विश्वास बोलला. तो अशा वेळी कधी बोलत नाही. “नाव नसलं की,” तो शेंगेचं टरफल चुरत म्हणाला, “आपण नक्की कोणावर चिडायचं तेच कळत नाही. मग माणूस सगळ्यांवर संशय घेत बसतो. लिफ्टमध्ये जो जो भेटेल त्याच्यावर.” त्याने कोणाकडेही बघितलं नाही. तिला वाटलं, हा मला सांगतोय. तिला वाटलं, याला आर. सूद कळला.

तिळगूळ वाटताना जे म्हणायचं असतं ते म्हणत देवदत्त तिच्याजवळ आला. तो विश्वासच्याच कंपनीत, दुसऱ्या विभागात होता. वडी तिच्या हातावर ठेवून त्याने आवाज खाली घेतला. “वहिनी, त्याला म्हणावं फार मनावर घेऊ नकोस. मास्टरजी म्हणजे कोण हे ऑफिसात सगळ्यांना माहीत आहे, पण लोक विसरतात हो.” वडी तिच्या तोंडात होती. तिने ती चावली नाही. “कोण?” ती म्हणाली. देवदत्तला वाटलं ती आडपडदा ठेवतेय. “अहो, आता माझ्यापासून कशाला. विश्वासवर किती लिहिलंय त्या माणसाने. पोह्याचं सुद्धा सोडलं नाही. कँटीनमध्ये हा एकदा बोलला, ते उचललं लगेच, नावासकट नाही एवढंच. पण ते ठीक आहे. प्रॉब्लेम त्या धमकीचा झालाय. तो आर. सूद. एचआरला वाटतंय की हा सूद म्हणजे विश्वासच. त्याच्याशिवाय कोणाला एवढं झोंबणार? महिनाअखेरपर्यंत लेखी खुलासा द्या, नाहीतर आम्ही सायबर सेलला देतो म्हणाले. नोकरीवर येईल यार. हा म्हणतो मी नाही. मी विश्वास ठेवतो, पण,” आणि इथे तो जरा घुटमळला, “ते त्याचं नाही ना, वहिनी?” तिने मान हलवली. नाही. इतकं खरं उत्तर तिने बऱ्याच दिवसांत दिलं नव्हतं.

परतताना गाडी विश्वास चालवत होता. मागे ओजस कोणाशी तरी हसत बोलत होता. चौकातल्या गोल बागेभोवती गाडी वळली, आणि विनयाला वाटलं आपण अजून वळतोच आहोत. म्हणजे जिन्यात रडणारी मुलगी याच्यामुळे रडली. पाणी दुसऱ्या कोणी दिलं. आणि ज्या लिखाणातून तिला आपला जुना विश्वास परत भेटला होता, ते लिखाण त्याची साल काढणाऱ्याचं होतं. ती ज्याला हसली तो हा. हा, स्टिअरिंगवर दोन्ही हात व्यवस्थित ठेवून बसलेला, तिच्या बाजूची खिडकी खाली आहे म्हणून हिटर वाढवणारा. मग खरं काय आहे? तो असं वागतो का? तिच्या मनाने, इतकं सगळं होऊनही, दुसरीच वाट धरली: हा घरी कधी बोट वर करत नाही, कधी हळू मऊ आवाजात कोणाचं काही काढत नाही, म्हणजे ‘चाय ब्रेक’ खोटं लिहितो. की हा घरी वेगळा असतो? की आपणच कधी पाहिलं नाही? तिला त्याला सांगायचं होतं, लगेच, पुढच्या चौकाच्या आत. तिला एवढंच म्हणायचं होतं की तो सूद मी आहे. पण सांगितलं की तो विचारणार, का? आणि मग तिला ती वाकलेली पाठ सांगावी लागणार, गार चहा, फोन पालथा की उताणा याच्या नोंदी, सगळंच. ती कंपनीला पत्र लिहू शकली असती. ती ते खातं पुसून टाकू शकली असती, पण मग खुलासा करायला कोणी उरलंच नसतं, फक्त विश्वास उरला असता. घर आलं. दिवस गेले. रोज संध्याकाळी तो लॅपटॉप उघडून काहीतरी लिहायचा आणि खोडायचा, तिने खोलीत पाऊल टाकलं की झाकायचा. आता तिला माहीत होतं ते काय आहे, आणि माहीत असूनही ती पाऊल टाकायची, आणि तो झाकायचा.

महिना संपत आला तेव्हा जसलीन परत आली. पहिल्यांदा सांगितलं होतं, ती म्हणाली, की काही घरांत तेच प्रश्न पुन्हा विचारायचे असतात, मतं टिकतात का बदलतात बघायला. विनयाला आठवेना. ऊन तसंच होतं, जांभळाखाली पानं पडली होती. “पहले मैम,” जसलीन म्हणाली. लिहिणाऱ्याचं नाव कळलंच पाहिजे का? या वेळी विनया थांबली. “इसमें ‘पता नहीं’ है?” “है जी. पिछली बार तो आपने झट से बोला था.” मग टॅब्लेट फिरला, जसलीनने झाडाकडे तोंड केलं. खाजगी भागातला पहिला प्रश्न होता: कोणीतरी नाव लपवून तुमच्याबद्दल लिहिलं आहे का? ती बघत राहिली. हा प्रश्न मागच्या वेळीही असणारच. तो तिला लागू नव्हता म्हणून तिच्या बोटाने ‘नाही’ दाबलं आणि डोळ्यांनी तो पुसून टाकला. तिने आता ‘हो’ दाबून बघितलं. पानं उघडली. पुष्कळ पानं. कधीपासून, कशाबद्दल, घरी सांगितलं का, सांगितलं नसल्यास का नाही. चहा गार होण्याइतकी पानं. दुसरं कारण इथे होतं, तिच्याच बोटाखालून गेलेलं. ती मागे आली, ‘नाही’ केलं, आणि पुढच्या प्रश्नाला, स्वतःचं नसलेलं नाव वापरून कुठे काही लिहिलं आहे का, ‘हो’ दाबलं. तिचीही पानं उघडली. कशासाठी. घरात कोणाला माहीत आहे का. त्या लिखाणाचा त्रास कोणाला झाला: तुम्हाला, दुसऱ्या कोणाला, कोणालाच नाही.

स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाज थांबला. या वेळी चहा विश्वासने केला होता. तो बाहेर आला, तिच्यासमोर कप ठेवला, कपाकडे बघितलं, मग टॅब्लेटकडे नाही तर तिच्या बोटाकडे. ते अजून चालू होतं. आत जायला वळला आणि गेला नाही. त्यालाही पानं मोजता येत होती. “हो गया, मैम?” जसलीनने झाडाकडेच बघत विचारलं. “नाही,” विनया मराठीत म्हणाली. तिने ‘दुसऱ्या कोणाला’ दाबलं आणि टॅब्लेट खुर्चीवर उताणा ठेवला.

“विश्वास, तो आर. सूद मी आहे. तुझ्या ऑफिसला मीच लिहून देते. आज.”

गच्चीच्या कठड्यावर एक साळुंकी येऊन बसली आणि उडून गेली. तिने पुढे बोलायला तोंड उघडलं, का ते सांगायला, सगळं पहिल्यापासून, पण तेवढ्यात विश्वासने उजव्या हाताचं एक बोट वर केलं.

“एक मिनिट,” तो म्हणाला, अगदी हळू. आणि चष्मा काढून, खिशातल्या रुमालाचा कोपरा शोधू लागला.